कमरेच्या मणक्यातली अरुंद नळी आणि लहान छेदाचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठीपुढच्या रुग्णांचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांचे, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. यातलं काहीही तपासणीच्या बदल्यात वापरू नका. पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी वाचलंत तर दहा मिनिटांची भेट कामी येईल.

नळी अरुंद झाली म्हणजे आत नेमकं काय झालं?

कमरेत पाच मणके असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूने एक पोकळ नळी खाली जाते. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्यापाशीच संपतो. त्याखाली पायांकडे आणि लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा तेवढा असतो. वयाबरोबर पुढून चकती (जिला घरात सगळे गादी म्हणतात) फुगते, बाजूचे सांधे झिजून जाड होतात आणि मागचा पिवळा अस्थिबंध जाडजूड होतो. तिन्हीकडून जागा जाते. हे सगळ्यात जास्त वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घडतं, रिपोर्टमध्ये त्याला एल-४–एल-५ लिहितात. त्याखालोखाल एल-३–एल-४. काहींची नळी जन्मतःच लहान असते, त्यांना पन्नाशीच्या आतच त्रास सुरू होऊ शकतो.

पुढून मागे १२ मिमीच्या खाली गेली की अरुंद आणि १० मिमीच्या खाली गेली की फारच अरुंद, हा जुना हिशेब. तो डच न्यूरोसर्जन हेंक व्हर्बीस्ट यांचा. १९५४ साली त्यांनीच हे दुखणं सविस्तर मांडलं. आता नुसते मिलिमीटर मोजून कुणी ऑपरेशन ठरवत नाही, निदान ठरवू नये.

हे दुखणं ओळखायचं कसं? आमच्या वडिलांना तर सगळे सायटिकाच म्हणतात.

सायटिकात बहुधा एका पायात कळ जाते, आणि बसल्यावर, वाकल्यावर, खोकल्यावर ती वाढते. नळी अरुंद असलेल्यांचं उलटं. चालायला लागलं की पाच-दहा मिनिटांत कुल्ले, मांड्या, पोटऱ्या भरून येतात, जड होतात, मुंग्या येतात. बहुतेकदा दोन्ही पायांत. मग माणूस कट्टा शोधतो. बसला की दोन-चार मिनिटांत मोकळा, उठून पुन्हा चालू लागतो, पुन्हा तेच.

वाकल्यावर नळीतली जागा वाढते आणि ताठ उभं राहिल्यावर कमी होते, कारण ताठ उभं राहताना मागचा जाड अस्थिबंध घडी पडून आत शिरतो. म्हणून डी-मार्टमध्ये ट्रॉलीवर हात टेकून तासभर फिरणारे आजोबा रिकाम्या हाताने गल्लीच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. सायकल चालवता येते. चढ चढता येतो, उतार नको वाटतो. ओट्यापाशी पोळ्या लाटताना आई कोपरं ओट्यावर टेकवून वाकून उभी राहायला लागली असेल, तर तिला विचारून बघा. बायका हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत.

पाय भरून येण्याची इतर कारणंही त्याच वयात असतात. पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्या असतील तर चालताना पोटरी दुखते, पण नुसतं उभं राहिलं तरी थांबते; बसावं, वाकावं लागत नाही. पायाची नाडी हाताला लागते का हे डॉक्टरांनी बघायलाच हवं, आणि शंका आली तर डॉप्लर (पायातल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी). मधुमेहाने किंवा बी-१२ कमी पडल्याने होणारी तळपायांची जळजळ चालण्याशी बांधलेली नसते, रात्री अंथरुणातही छळते. शाकाहारी घरांत बी-१२ तपासून घेणं स्वस्त आणि शहाणपणाचं. दुखणं जांघेत असेल आणि मांडी घालून बसताना, पायाची नखं कापताना अडत असेल, तर आधी खुब्याचा एक्स-रे काढा.

आणखी एक. चालताना तोल जातो, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, असं असेल तर मान तपासायला सांगा. मान आणि कंबर दोन्हीकडे नळी आवळलेली असू शकते. तेव्हा बहुधा आधी मानेकडे बघावं लागतं.

कुठल्या लक्षणांसाठी थांबायचं नाही?

लघवी तुंबली किंवा कळत न कळत होऊ लागली, बसतो ती जागा आणि जननेंद्रियाभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद एकाएकी कमी झाली, पाऊल वर उचलेना, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, ज्या दवाखान्यात एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत तिथे जा. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, ही तक्रार घरचे हसण्यावारी नेतात. ते पाऊल लुळं पडायची सुरुवात असू शकते. ताप, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, रात्री झोपमोड करणारं दुखणं, या गोष्टीही पहिल्याच भेटीत सांगा.

एमआरआयमध्ये ‘सिव्हिअर स्टेनोसिस’ (नळी फारच अरुंद) लिहिलंय. म्हणजे ऑपरेशन करावंच लागणार?

नाही. रिपोर्टमधला शब्द आणि माणसाचं चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९० साली बोडेन आणि सहकाऱ्यांनी कंबरेचा कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून बघितले. साठीपुढच्या साधारण २१ टक्के लोकांत नळी अरुंद दिसली. ही सगळी धडधाकट माणसं. उलट, चित्रात मध्यम दिसणारी नळी एखाद्याला पन्नास पावलांवर बसवते. एमआरआय आडवं झोपवून काढतात, बहुतेकदा गुडघ्यांखाली उशी देऊन. म्हणजे नळी ज्या अवस्थेत जास्त मोकळी असते त्याच अवस्थेतला फोटो. शेजारचा मणका उभं राहिल्यावर पुढे सरकतो का, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी उभ्याने, वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रे लागतात. ते कुणी काढायला सांगितले नसतील तर विचारा.

फिल्म स्वतःला बघायची असेल तर आडव्या छेदाची चित्रं शोधा. नळीतलं पाणी पांढरं असतं आणि त्यात नसा सुट्या सुट्या काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात. नळी आवळली की आधी ठिपके एकमेकांना चिकटतात, मग पांढरं दिसेनासं होतं आणि सगळा मिळून एक करडा गोळा उरतो. हे बघून घाबरू नका. ज्या पातळीला करडा गोळा दिसतो त्याच पातळीची नस तुमच्या पायातल्या तक्रारीशी जुळते का, हा प्रश्न घेऊन जा.

ताकद चांगली असेल आणि लघवीचा त्रास नसेल, तर घाई नसते. अनेकांचं दुखणं वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं, काहींचं कमी होतं, काहींचं वाढतं. ‘आज केलं नाही तर उद्या अपंग व्हाल’ हे वाक्य याच दुखण्यात सगळ्यात जास्त ऐकू येतं. सर्वसाधारण रुग्णाच्या बाबतीत ते खरं नाही.

व्यायामाने आणि गोळ्यांनी भागेल का?

बऱ्याच जणांचं भागतं. अमेरिकेत ऑपरेशनला तयार असलेल्या १६९ रुग्णांची निम्मी-निम्मी वाटणी करून एका गटाला ऑपरेशन आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी दिली. निष्कर्ष २०१५ साली आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांची हालचाल जवळपास सारखीच होती. पण यात मेख आहे: फिजिओवाल्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा व्यायाम आधी, मनापासून, दोन-तीन महिने. आणि तरीही चालणं वाढलं नाही तर ऑपरेशनचा विचार करण्यात काही कमीपणा नाही.

व्यायाम कोणता, हे महत्त्वाचं. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट करणं, जागच्या जागी चालवायची सायकल, थांबत थांबत चालणं, हे चालतं. भुजंगासन, धनुरासन आणि कंबर मागे वाकवणारं इतर काहीही बहुतेकांना त्रासदायक ठरतं. सोसायटीच्या योगवर्गात सगळ्यांना एकच आसनं देतात, तिथे आधीच सांगून ठेवा.

पट्टा प्रवासापुरता ठीक. दिवसभर बांधला की स्नायू आणखी ढिले पडतात. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, मूत्रपिंडं आणि जठर दोन्ही किंमत मोजतात. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं सर्रास लिहिली जातात. या दुखण्यात त्यांचा फायदा मर्यादित आणि वयस्क माणसाला चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा. मालिशने बरं वाटतं, जरूर करा. मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

कमरेत इंजेक्शन घेतलं तर ऑपरेशन टळतं का?

काही आठवडे आराम पडू शकतो. घरातलं लग्न, ठरलेला प्रवास, एवढ्यासाठी घेणारेही असतात आणि त्यात गैर काही नाही. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेलं इंजेक्शन आणि नुसत्या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन यांत सहा आठवड्यांनंतर सांगण्यासारखा फरक दिसला नाही. इंजेक्शनाने नळी रुंद होत नाही. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, रोज तपासा. दर दोन-तीन महिन्यांनी इंजेक्शन, असं वर्षभर चालू असेल तर थांबून विचार करायची वेळ आली आहे.

लहान छेदाच्या ऑपरेशनमध्ये करतात तरी काय?

काम जुनंच आहे: नसांवरचा दाब काढायचा. वाट नवी आहे. पूर्वी पाठीच्या मधोमध लांब छेद घेऊन दोन्ही बाजूंचे स्नायू हाडावरून खरवडून सोडवत आणि मणक्याची मागची कमान मधल्या काट्यासकट काढत. अजूनही काही रुग्णांत ते करावं लागतं.

लहान छेदाच्या दोन मुख्य पद्धती: ट्यूबची आणि दुर्बिणीची. ट्यूबच्या पद्धतीत रुग्णाला पालथं झोपवतात, पोट मोकळं लोंबेल असं. पोटावर दाब आला की पाठीतल्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. मग एक्स-रे यंत्राखाली सुई ठेवून पातळी पक्की करतात. मध्यरेषेच्या जरा बाजूला दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद. त्यातून एकीवर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून स्नायूंचे तंतू बाजूला सारतात, कापत नाहीत. शेवटची नळी १८ ते २२ मिमी व्यासाची असते आणि पुढचं सगळं काम तिच्यातून, सूक्ष्मदर्शकाखाली होतं. बारीक ड्रिलने कमानीची कड घासली की खाली पिवळा अस्थिबंध दिसतो. तो वेगळा करून तुकड्यातुकड्याने काढतात. त्यानंतर टेबल थोडं कलतं करतात, नळी तिरकी करतात आणि मधल्या काट्याच्या बुडाखालून पलीकडची नसही त्याच छेदातून मोकळी करतात. दाब गेला की नसांवरचं चपटं झालेलं आवरण गोल होतं आणि पुन्हा लयीत हलू लागतं. सर्जन त्याचीच वाट बघत असतो.

दुर्बिणीच्या पद्धतीत सूक्ष्मदर्शकाऐवजी कॅमेरा आत जातो आणि सलाइनचा प्रवाह सतत चालू असतो, त्यामुळे रक्त धुतलं जाऊन स्पष्ट दिसतं. एका छिद्रातून कॅमेरा आणि अवजारं दोन्ही, किंवा दोन छिद्रं, एक कॅमेऱ्याला आणि एक अवजारांना. दोन छिद्रांची पद्धत दक्षिण कोरियात फोफावली आणि आता आपल्याकडे मोठ्या शहरांत बऱ्यापैकी होते.

मग यातली सगळ्यात चांगली कोणती?

जिच्यात तुमच्या सर्जनचा हातखंडा आहे ती. हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल, पण पुरावा याच बाजूचा आहे. नॉर्वेत ४३७ रुग्णांवर दाब काढण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती ताडून बघितल्या आणि दोन वर्षांनी तिन्हींचा निकाल सारखाच आला. दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांच्या कोरियातल्या तुलनेतही वर्षभरानंतर फारसा फरक उरला नाही. लहान छेदाने पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी, रक्तस्राव कमी, घरी लवकर. हे फायदे खरे आहेत, आणि सत्तरीच्या माणसाला ते मोठेही आहेत. पण छिद्र आठ मिलिमीटरचं आणि नस अर्धीच मोकळी, याचा काय उपयोग? व्रणाच्या लांबीवरून सर्जन निवडू नका.

लेझरने, बिनटाक्याचं, अर्ध्या तासात होतं असं जाहिरातीत होतं.

हाड आणि जाड अस्थिबंध यांनी आवळलेली नळी लेझरने मोकळी होत नाही. चकतीच्या काही निवडक दुखण्यांत लेझरचा वापर होतो, ते दुखणं वेगळं.

अमेरिकेतल्या मुलाने सुईतून अस्थिबंध काढण्याबद्दल आणि स्प्रिंग बसवण्याबद्दल सांगितलं.

‘माइल्ड’ नावाची पद्धत तिथे आहे: पाच मिमीच्या नळीतून, एक्स-रेवर बघत, जाड अस्थिबंधाचा थोडा भाग कुरतडून काढतात. मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या आणि मुख्यतः अस्थिबंधामुळेच नळी आवळलेल्या माणसासाठी ती आहे. हाडाचा दाब तिने जात नाही.

मागच्या दोन काट्यांमध्ये अडकवायच्या तुकड्यांची गोष्ट वेगळी. ‘एक्स-स्टॉप’ला अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळाली, गाजावाजा झाला आणि पुढे तो बाजारातून गेला. अशा तुकड्यांनंतर दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण नुसता दाब काढण्यापेक्षा जास्त निघालं आहे. त्यामुळे मला तरी त्यांचं आकर्षण वाटत नाही.

आम्हाला स्क्रू आणि रॉड टाकायला सांगितलंय. गरज आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ घेऊन विचारा, कारण ऑपरेशनचा आवाका, खर्च आणि बरं व्हायचा काळ, तिन्ही यावर ठरतात.

स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या चाचणीत (२०१६) नुसता दाब काढणं आणि दाब काढून स्क्रू-रॉडने मणके जोडणं यांची तुलना झाली. दोन वर्षांनी स्क्रूवाल्यांना जास्त फायदा झालेला नव्हता. रक्त जास्त गेलं होतं, इस्पितळातले दिवस जास्त होते. मणका थोडा पुढे सरकलेला असेल तर? नॉर्वेत अशाच २६७ रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ साली निकाल आला: नुसता दाब काढणं कमी पडलं नाही.

तरीही काहींना स्क्रू लागतातच. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत मणका वाकताना ठळकपणे हलत असेल, पाठ एका बाजूला झुकत चालली असेल, किंवा नस मोकळी करण्यासाठी सांधाच बराचसा काढावा लागणार असेल, तर. ‘माझ्या बाबतीत यातलं कोणतं कारण आहे, ते एक्स-रेवर दाखवा’ एवढंच म्हणा. दाखवता आलं तर शंका मिटली. स्क्रूही आता लहान छेदातून टाकता येतात, म्हणजे ‘लहान छेद’ म्हटलं की स्क्रू नाहीत असं गृहीत धरू नका. तंबाखू, मिश्री, विडी चालू असेल तर हाड जुळायला अडथळा येतो; आधी सोडा, आणि सर्जनपासून लपवू नका.

वय ७६ आहे, मधुमेह आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे. झेपेल का?

नुसत्या वयावरून कुणी नाही म्हणत नाही. साखर आटोक्यात हवी. बहुतेक सर्जन एचबीए-१-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.५ ते ८च्या आत आणायला सांगतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवायच्या की नाही, किती दिवस आधी, हे हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी द्यायला हवं. स्टेंट बसवलेला असताना शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी बंद करणं हे ऑपरेशनपेक्षा जास्त धोक्याचं आहे. भूल पूर्ण किंवा कमरेतून, दोन्ही शक्य असतात. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी भेटून घ्या.

धोके काय? ऑपरेशनने पाय गेले असं ऐकलंय.

कायमचं लुळेपण दुर्मिळ आहे, पण शून्य नाही. त्यापेक्षा जास्त वेळा होतं ते नसांवरचं आवरण फाटणं. ऑपरेशन आणि बिनऑपरेशनचे उपचार यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट’ चाचणीत ते ऑपरेशन झालेल्या ९ टक्के रुग्णांत झालं. तिथल्या तिथे शिवलं किंवा चिकटवलं की एक-दोन दिवस जास्त झोपून काढावे लागतात, बहुतेकांना पुढे काही जाणवत नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो. रक्त साठून नसांवर दाब आला तर तातडीने पुन्हा उघडावं लागतं. म्हणून पहिल्या रात्री पाय हलतात का आणि लघवी होते का, हे नर्स सारखं विचारते. त्रासून उत्तर देऊ नका.

त्याच चाचणीत चार वर्षांत सुमारे १३ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन झालं, कधी त्याच पातळीला, कधी शेजारच्या.

कंबरदुखी जाईल ना?

कदाचित थोडी. ऑपरेशन पायांसाठी असतं, चालण्यासाठी असतं. पाय भरून येणं, मुंग्या, कळा यांना चांगला आराम पडतो. कंबरेचं दुखणं झिजलेल्या सांध्यांचं आणि ढिल्या स्नायूंचं असतं, ते त्याच प्रमाणात कमी होत नाही. नुसती कंबर दुखते आणि पायांना काही नाही, अशा माणसाने दाब काढायचं ऑपरेशन करू नये. बधिरपणा जायला महिने लागतात आणि फार जुना असेल तर तो पूर्ण जातोच असं नाही. ऑपरेशननंतर नाराज झालेल्या घरांत बहुतेकदा हे आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं.

उठून कामाला कधी लागता येईल?

स्क्रू नसतील तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, एक-दोन दिवसांत घरी. जिने चढता येतात. पहिले काही आठवडे बादली, गॅसची टाकी, नातवंडं उचलायची नाहीत, कंबरेत पिळायचं नाही. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर खुर्चीची सोय आधीच करून ठेवा. बसून करायचं काम दोन ते चार आठवड्यांत, दुचाकी बहुधा महिनाभराने, शेतीचं किंवा वजनाचं काम तीन महिन्यांच्या आसपास, तेही सर्जनने बघितल्यावर. स्क्रू असतील तर सगळं लांबतं.

खर्चाचं काय?

शहर, इस्पितळ आणि स्क्रू आहेत की नाहीत यावर आकडा कमालीचा बदलतो. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि इम्प्लांटचा (स्क्रू-रॉडचा) खर्च त्यात वेगळा दाखवायला सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावरही ५ लाख मिळतात. पण दाखल होण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा: हे इस्पितळ मणक्याच्या उपचारांसाठी योजनेत आहे का आणि नेमकी ही शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते का, दोन्ही विचारा. खासगी मेडिक्लेममध्ये मणक्याच्या आजारांना अनेकदा प्रतीक्षाकाळ असतो, पॉलिसी काढून बघा.

दुसरीकडे मत घेतलं तर डॉक्टर रागावतील का?

रागावले तर रागावले. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एमआरआयची सीडी किंवा फिल्म आणि उभ्याचे एक्स-रे न्या. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते लगेच सांगू नका. आधी वडील किती चालतात, कुठे बसतात, बसल्यावर किती वेळाने उठतात, ते सांगा, आणि शक्य असेल तर वडिलांनाच सांगू द्या.